डाव्या चाकाचा ठिपका

ठिपकेमास्तरांच्या घरात वस्तूंवर पिवळे ठिपके आहेत. कुकरच्या दांड्याच्या स्क्रूवर एक, झोपायच्या खोलीतल्या पंख्याच्या नटावर एक, लाकडी शिडीच्या बिजागऱ्यांवर दोन-दोन. तांदळाच्या दाण्याएवढा ठिपका, ऑइल पेंटचा. बायको पूर्वी म्हणायची, "मलाही एक लावून टाका. म्हणजे मी जागेवर आहे की नाही ते बघायला तुम्हाला मान वर करावी लागणार नाही."

हे सगळे ठिपके जुने आहेत. गेल्या अकरा वर्षांत बाहेरच्या खोलीत नवा पंखा आला, नवा मिक्सर आला, त्यांच्यावर ठिपका नाही. बायकोच्या हे लक्षात आलं होतं, पण तिने कधी विचारलं नाही.

मास्तर मूळचे मोटार मेकॅनिक. दोन गाड्या शेजारी शेजारी उभ्या राहतील एवढं त्यांचं गॅरेज, मागे टिनाची खोली, पुढे रस्ता. त्यांचा नियम एकच होता आणि तो त्यांनी स्वतःच घालून घेतला होता. नट पूर्ण आवळायचा, पाना खाली ठेवायचा, हात पुसायचा आणि मगच कुंचला उचलून नटावर ठिपका द्यायचा. ठिपका आहे म्हणजे नट आवळलेला आहे, पुन्हा बघायचं काम नाही. गिऱ्हाइकं गाडी घ्यायला आली की वाकून ठिपके मोजायची आणि निर्धास्त निघून जायची. नाव असं पडलं.

आता त्याच गॅरेजमध्ये शिवणयंत्रं दुरुस्त होतात. अकरा वर्षांपूर्वी मास्तरांनी जॅक विकून टाकला, लिफ्ट काढून टाकली आणि एका जुन्या शिंप्याकडून हे काम शिकून घेतलं. लोकांना नवल वाटलं. कुणी विचारलंच तर ते म्हणत, "शिवणयंत्र बिघडलं तर फार तर शिवण उसवते." ऐकणारा हसायचा. मास्तरही हसायचे, पण तोंडानेच.

रस्त्यावर एखादी गाडी करकचून थांबली की त्यांचा हात यंत्रावर थबके. आवाज पूर्ण बंद होईपर्यंत ते हलत नसत. बसमध्ये ते पुढे बसत नसत, कारण उतार लागला की त्यांचा उजवा पाय आपोआप खाली दाबला जाई आणि तिथे पेडल नसे. म्हणून ते बहुतेक चालतच जात. डॉक्टर म्हणाले, "या वयात एवढं चालता, छान आहे." मास्तर बरं म्हणाले.

अकरा वर्षांपूर्वी त्यांचा धाकटा भाऊ गेला होता. धाकट्याला रॅलीचा नाद. शर्यत नव्हे. हौशी लोकांच्या क्लबची साधी रॅली, नेहमीच्या रस्त्यावरून, वेळेच्या हिशेबाने चालवायची. कागदावर लिहून देतात, इथून तिथे अमुक वेगाने जा. वाटेत चौक्या असतात. उशीर झाला तर सेकंदामागे एक दंडगुण, लवकर पोचलात तर दोन. धाकट्याकडे दोन माणसांची, बुटकी, हिरवी स्पोर्ट्‌स कार होती. पुढचे गोल दिवे डोळ्यांसारखे वर आलेले, म्हणून घरात तिला बेडकी म्हणत. बेडकीची सगळी तयारी मास्तरांच्या हातची. त्या वर्षी डोंगरउतारावर तिसऱ्या चौकीच्या पुढे बेडकी वळण चुकली आणि उजवी बाजू खडकावर घासत खाली गेली. चौकशी करणाऱ्यांनी लिहिलं: वेग जास्त, रस्त्यावर सैल खडी. उजव्या बाजूचे पाइप फुटून ब्रेकचं तेल सगळं सांडून गेलं होतं. ब्रेककडे कुणी पाहिलं नाही.

कुणी मास्तरांकडे बोट दाखवलं नाही. भावजय तर म्हणाली होती, "भाऊजी, गाडी तुमच्या हातची होती म्हणून निदान तेवढी तरी काळजी नव्हती." त्या वाक्यानंतर मास्तर तिच्याकडे क्वचितच गेले.

आणि आता त्यांची पुतणी गॅरेजच्या दारात उभी होती. तिच्या मागे ट्रकवर दोरांनी बांधलेली बेडकी.

पुतणी सव्वीस वर्षांची. दातांच्या कवळ्या बनवण्याच्या प्रयोगशाळेत कामाला. डोळ्याला भिंग लावून दिवसभर लोकांच्या दाढा घासत बसते, म्हणून काका तिला कवळीबाई म्हणत. दोन वर्षं तिने पगारातून वाचवून बेडकीचा पत्रा सरळ करून घेतला होता, इंजिन बांधून घेतलं होतं, उजव्या बाजूचं सगळं नवं घातलं होतं. काकांना यातलं काही सांगितलं नव्हतं.

"कुणाला दाखवायला काढलीस ही?" मास्तरांनी विचारलं.

"दाखवायला नाही. चालवायला. रॅली आहे पाच आठवड्यांनी."

"आईला माहीत आहे?"

"आईनेच ताडपत्री ओढली. म्हणाली, अकरा वर्षं मागच्या खोलीत झुरळांना पोसलं, आता बास."

मास्तर ट्रकभोवती एक फेरी मारून आले. डाव्या बाजूला थांबले नाहीत.

"मी शिवणयंत्रंच करतो गं आता. दुसरा कुणी बघ. इंजिन ज्याने बांधलं तोच करेल की."

"त्याला मी सांगून ठेवलं होतं, डावीकडच्या ब्रेकला हात लावायचा नाही. डावीकडची दोन चाकं बाबांनी ठेवली तशीच आहेत. ती तुमची." तिने पिशवीतून फोटोची फ्रेम काढली. "हा बघा ना. रोज येता-जाता बघते मी."

फोटो मास्तरांना पाठ होता. बेडकी स्टँडवर, चाकं काढलेली. धाकटा सुट्या चाकावर राजासारखा बसलेला, आणि त्याच्या खांद्यामागे डाव्या चाकाच्या ब्रेकच्या जोडावर एक पिवळा ठिपका, उन्हात चमकणारा.

"तुमचा ठिपका," पुतणी म्हणाली. "आमच्या घरात बाबांच्या आधी लोकांना मी तो दाखवते."

मास्तर म्हणाले, "उतरव गाडी."

तिला वाटलं, फोटोने काम केलं. काम फोटोनेच केलं होतं, पण तिला वाटलं तसं नाही. दुसऱ्या कुणी तो जोड उघडला असता तर त्याने काय पाहिलं असतं, एवढाच विचार मास्तरांच्या मनात आला होता.

त्या दिवसाची हकिगत अशी. रॅलीच्या आदल्या दिवशी दुपारी ब्रेकचं काम चालू होतं. चारही चाकांचे रबरी पाइप नवे घालून बोल्ट हाताने बसवले होते, पान्याने जेमतेम टेकवले होते. शेवटचं आवळणं बाकी होतं. तेवढ्यात क्लबचा फोटोवाला आला. धाकटा म्हणाला, "दादा, ठिपके दे ना आधी. ठिपक्यांशिवाय तुझी गाडी आहे हे कुणाला कळणार?" मास्तर म्हणाले, आवळल्याशिवाय देत नाही. धाकटा म्हणाला, "फोटो झाला की आवळ. ठिपका काय पळून जातोय?" आयुष्यात पहिल्यांदा मास्तरांनी आधी कुंचला उचलला. चार ठिपके दिले. फोटो झाला, चहा झाला, फोटोवाल्याने क्लबच्या चार गमती सांगितल्या. मग मास्तर पाना घेऊन बसले. मागचे दोन आवळले, पुढचा उजवा आवळला, तेवढ्यात कुणी गिऱ्हाईक हाका मारू लागलं. ते उठले, बोलून परत आले. पुढच्या डाव्या चाकाशी वाकले, ठिपका दिसला. वीस वर्षांची सवय. ठिपका दिसला की पुढे जायचं. ते पुढे गेले.

की गेले नाहीत? अकरा वर्षं ते हेच उलटून पालटून पाहत होते. कधी हाताला पान्याचा शेवटचा जोर आठवे, अगदी स्पष्ट, मनगटापर्यंत. कधी नुसता ठिपका आठवे. झोपेत आवळलेला आणि जागेपणी न आवळलेला, असा तो बोल्ट त्यांच्याबरोबर राहत होता. बेडकी ताडपत्रीखाली होती तोवर दोन्ही खरं होतं.

पुतणी गेल्यावर मास्तरांनी शेजारच्या गॅरेजमधून जॅक आणि चार स्टँड मागून आणले. शेजारी म्हणाला, "काय मास्तर, शिवणयंत्राला चाकं लागली?" मास्तर जॅक घेऊन निघाले. आधी मागचं डावं चाक काढलं. ठिपका जागेवर, मळलेला पण शाबूत. बोल्ट खोलायला पान्यावर पाय द्यावा लागला. या बोल्टच्या दोन्ही बाजूंना तांब्याचं एकेक वॉशर असतं. तांबं मऊ. बोल्ट जोराने आवळला की त्यावर खोल गोल वण उमटतो, अंगठी काढल्यावर बोटावर राहतो तसा. या वॉशरांवर तो होता.

मग पुढचं डावं.

ठिपका नव्हता. होता तिथून खाली पिवळा ओघळ होता, वाळलेला, दोन बोटं लांब. ब्रेकचं तेल रंग खातं, हे मेकॅनिकला पहिल्या आठवड्यात शिकवतात. बोल्टपासून खाली तेल झिरपलं होतं आणि ठिपका सोबत घेऊन गेलं होतं.

बोल्ट गंजून बसला होता, पण निघाला. मास्तरांनी वॉशर तळहातावर घेतलं, दारापाशी उजेडात गेले. वण नव्हता. केसाएवढी एक रेघ होती, ती पण अर्धीच. दुसऱ्या बाजूचं तेच.

 त्यांना रडू आलं नाही. अकरा वर्षं ज्याला घाबरत होते तो माणूस शेवटी समोर येऊन बसावा आणि साधाच दिसावा, तसं झालं. मागच्या आणि पुढच्या चाकाचं एकेक वॉशर त्यांनी सुयांच्या डबीत ठेवलं आणि डबी शर्टाच्या खिशात.

पुढचे तीन आठवडे मास्तरांनी जे काम केलं ते शेजारचा गॅरेजवाला मुद्दाम बघायला यायचा. नवे पाइप, नवी वॉशर, ब्रेकचे पॅड, चाकांचे बेअरिंग. अंतर मोजायचं यंत्र नीट दाखवतंय की नाही, हे त्यांनी गाडी मोजलेल्या दोन किलोमीटरवर पाच वेळा ढकलल्यासारखी हळू चालवून घेऊन तपासलं. चालवली पुतणीने. ते रस्त्याच्या कडेला दगडापाशी उभे राहायचे. "बसा ना शेजारी," ती म्हणायची. "दगडाला कुणीतरी सोबत हवी," असं म्हणून ते टाळायचे.

जुनी वॉशर फेकून दिली असती तर विषय संपला असता. ते दर संध्याकाळी ठरवायचे आणि डबी खिशातच घरी यायची. बायकोने एकदा शर्ट धुवायला घेताना विचारलं, "हे काय वाजतंय?" ते म्हणाले, "सुया." तिने कानाशी हलवून पाहिलं. "सुया अशा वाजत नाहीत," म्हणाली आणि डबी टेबलावर ठेवली.

रॅलीला आठवडा राहिला तेव्हा पुतणी दुपारच्या सुट्टीत आली. गाडी स्टँडवर तयार होती. ती वाकून चारही चाकांकडे फिरली.

"काका, ठिपके कुठे?"

"रंग वाळलाय."

"माहीत होतं मला." तिने पर्समधून रंगाची नवी बाटली काढली. "तोच पिवळा. दुकानदाराला फोटो दाखवून घेतला. माझ्या मैत्रिणीलाही सांगितलंय, जी शेजारी बसून कागद वाचणार आहे. तिची आई नको म्हणत होती. मी म्हटलं, काकू, आमच्या गाडीला ठिपका असतो."

मास्तरांनी बाटली घेतली, झाकण उघडलं, कुंचला बुडवला. चारही बोल्ट त्यांनी आवळले होते. दोनदा आवळले होते. त्या सकाळी पुन्हा पाना लावून पाहिला होता. तरी कुंचला बोल्टपाशी गेला आणि थांबला. रंगाचा थेंब फरशीवर पडला. मग दुसरा.

"काय झालं?"

त्यांनी कुंचला बाटलीत ठेवला. खिशातून डबी काढली. मागच्या चाकाचं वॉशर तिच्या डाव्या हातावर ठेवलं, पुढच्या चाकाचं उजव्या.

"तुझं भिंग आहे ना जवळ? बघ. काय फरक दिसतो सांग."

तिने पर्समधलं भिंग डोळ्याला लावलं. दाढेची उंची केसाएवढी चुकली तरी ओळखणारा डोळा. "याला खाच आहे, गोल. याला नाही. हे वापरलेलंच नाही का?"

"वापरलंय. अकरा वर्षांपूर्वी. पुढच्या डाव्या चाकाला."

मग त्यांनी सांगितलं. फोटोवाला, चार ठिपके, गिऱ्हाइकाची हाक. क्रमाने, काही न गाळता, यादी वाचावी तसं. धाकट्याने आग्रह केला होता हे मात्र ते सांगणार नव्हते. पण फोटोत त्याचं हसू होतंच, आणि तिने विचारलंच, "बाबा म्हणाले होते आधी द्या म्हणून?"

"हात माझा होता."

पुतणीने भिंग काढलं. दोन्ही वॉशर डबीत टाकली, डबी आपल्या पर्समध्ये टाकली. "मला कामावर जायचंय," म्हणाली आणि गेली. जाताना तिने बेडकीकडे पाहिलं नाही.

दुसऱ्या दिवशी ती आली नाही. तिसऱ्याही. मास्तरांनी एका शिंपीणबाईचं यंत्र दुरुस्त केलं आणि तिला दोनदा चुकीची सुई दिली. बायकोला त्यांनी त्या रात्री जेवताना सगळं सांगितलं. ती ताट पुढे सरकवून ऐकत राहिली. शेवटी म्हणाली, "म्हणून नव्या पंख्याला ठिपका नाही होय. मी समजत होते, तुम्हाला आता माझ्या डोक्यावर तो पडला तरी चालेल." आणि मग पदराने डोळे पुसत भांडी उचलायला लागली.

चौथ्या दिवशी पुतणी आली, सोबत तिची आई. भावजय या गॅरेजमध्ये अकरा वर्षांत आली नव्हती. यंत्रांमधून वाट काढत ती बेडकीपाशी गेली, टपावर हात ठेवला, आणि मास्तरांकडे न बघताच बोलली.

"भाऊजी, त्यांनी तिसऱ्या चौकीवरून मला फोन केला होता. म्हणाले, ब्रेक मऊ लागतोय, पेडल खाली जातंय. मी म्हटलं, मग थांबा, बघा. तर म्हणाले, थांबलो तर अकरा सेकंदांची आघाडी जाईल आणि बक्षीस जाईल. डोंगर उतरलो की दादाला दाखवतो, म्हणाले." तिचा हात टपावरून फिरला. "हे मी तुम्हाला सांगितलं नाही. तुम्ही स्वतःला खात बसाल म्हणून."

"आणि मी तुला सांगितलं नाही," मास्तर म्हणाले.

"हो. बसलो दोघंही, आपापल्या घरी." तिने टपावरचा हात काढला. "मी तुम्हाला माफ करायला आले नाही, भाऊजी. ते मला येईल की नाही माहीत नाही. नुसतं सांगायला आले."

मास्तरांनी मान हलवली. त्याहून जास्त त्यांना काही नकोच होतं.

मग पुतणी पुढे झाली. तिने पाना उचलून त्यांच्या हातात दिला. "मैत्रिणीला मी नाही म्हणून सांगितलं. कागद तुम्ही वाचायचे."

"मी बसत नाही गाडीत. तुला माहीत आहे."

"ज्याने आवळलंय तो बसणार. आणि आवळायचं माझ्यासमोर. ठिपका मी देणार. तुम्ही पाना खाली ठेवल्याशिवाय बाटली उघडणार नाही."

तसंच झालं. एकेका चाकाशी मास्तर पाना लावत, तो थरथरेपर्यंत दाबत, खाली ठेवत. मग पुतणी गुडघ्यावर बसून, कवळीला रंग द्यावा तशी, श्वास रोखून ठिपका देई. भावजय शिवणयंत्राच्या स्टुलावर बसून बघत होती. पुढच्या डाव्या चाकाला पुतणी म्हणाली, "पुन्हा लावा पाना." मास्तरांनी लावला. "पुन्हा." त्यांनी पुन्हा लावला. मग ठिपका.

रॅलीच्या सकाळी मास्तर बेडकीत बसले. गुडघे छातीशी आले. मांडीवर कागद, हातात घड्याळ. पहिल्या चौकीला चार सेकंद उशीर, दुसरीला बरोबर वेळेवर. "काय काका, जमतंय की," पुतणी म्हणाली. मास्तरांचा उजवा पाय बूट झिजेल इतका खाली दाबलेला होता. प्रत्येक वळणावर त्यांना डावीकडून, चाकाच्या आतून काहीतरी झिरपल्याचा आवाज येत होता. असा आवाज नसतो, तेल बिनआवाज झिरपतं, हे त्यांना ठाऊक होतं. तरी येत होता.

तिसऱ्या चौकीवर शिक्का मारून घेतल्यावर पुतणीने गाडी पुढे नेली नाही. रस्त्याच्या कडेला घेतली आणि इंजिन बंद केलं. पुढे उतार दिसत होता, त्याच्या तळाशी ते वळण. मागच्या गाडीवाल्याने जाता जाता ओरडून विचारलं, "काय झालं?" तिने हात हलवला, काही नाही.

"पेडल कसं आहे?" मास्तरांनी विचारलं.

"घट्ट आहे. दगडासारखं." ती समोर बघत होती. "तरी बघा."

मास्तर उतरले. डाव्या चाकाशी बसले, आऱ्यांमधून हात आत घातला, बोल्टखाली बोट फिरवलं. कोरडं. बोट बाहेर काढून उजेडात धरलं. कोरडं होतं. त्यांनी पुन्हा हात घातला. पुतणी खाली उतरून त्यांच्या मागे उभी राहिली, घाई करा म्हणाली नाही. घड्याळ सीटवर चालू होतं. अकरा सेकंद केव्हाच होऊन गेले होते, मग मिनिट झालं, मग तीन.

"बसू या?" शेवटी तीच म्हणाली.

वळण त्यांनी माणूस चालतो तेवढ्या वेगाने घेतलं. खडकावर हिरवी रेघ अजून होती, फिकट. दोघांनीही ती पाहिली आणि कुणीच बोट दाखवलं नाही.

रॅलीत ते शेवटून दुसरे आले. शेवटची गाडी बंद पडली होती. संध्याकाळी मास्तर घरी आले, हात धुतले, जेवायला बसले. बायको वाढता वाढता थांबली.

"बोटाला काय लागलंय?"

"काही नाही," मास्तर म्हणाले, आणि उजव्या हाताची तर्जनी अंगठ्याने पुसत राहिले. पुसून बघायचे, आणि पुन्हा पुसायचे.